गहिवर आणि त्याखालची पहिली प्रतिक्रिया

१७ एप्रिल २०२१ रोजी मध्य रेल्वेच्या वांगणी स्थानकात अंध आईबरोबर चालणारे एक लहान मूल फलाटावरून रुळांवर पडले. समोरून गाडी भरधाव येत होती. एक पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा रेल्वे कर्मचारी, त्याच रुळांमधून गाडीच्या दिशेने धावत गेला, त्याने मुलाला उचलून फलाटावर ठेवले आणि गाडी येऊन पोचण्याच्या क्षणभर आधी स्वतः वर चढला. पुढे ५० हजारांच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्याने त्या मायलेकरांना देऊ केली.

सीसीटीव्हीतले ते दृश्य पाहताना अनेकांचा कंठ दाटून आला आणि अंगावर काटा उभा राहिला. आपल्या काव्यशास्त्राने रोमांच, स्वरभंग आणि अश्रू यांची गणना अष्टसात्त्विक भावांत फार पूर्वीच केली आहे. मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २०००च्या सुमारास या अनुभवाचा स्वतंत्र भावना म्हणून अभ्यास सुरू केला. मराठीत तिला ‘उन्नयन’ म्हणता येईल. ही भावना डोळ्यांतल्या पाण्यावर थांबत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सिमोन श्नाल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, अशी चित्रफीत पाहिलेल्यांनी एका कंटाळवाण्या कामात मदत करण्यासाठी इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेळ दिला.

परंतु आज आपण असे दृश्य एकटे पाहत नाही. त्याच्या खालीच लोकांची मते ओळीने मांडलेली असतात. २०१३ साली ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात, एका बातम्यांच्या संकेतस्थळावरील काही प्रतिक्रियांना संशोधकांनी यदृच्छया एकेक अनुकूल मत दिले. पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढली आणि अखेरचे गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी चढले. हा प्रयोग सत्कृत्यांवर नव्हता, तरी पहिल्या मताचे वजन किती असते हे त्यातून स्पष्ट दिसते.

सत्कृत्याच्या बाबतीत हे वजन अधिक नाजूक जागी पडते, असे मला वाटते. उन्नयन हेतूच्या निर्मळपणावर उभे असते. म्हणूनच ‘प्रसिद्धीसाठी केले असेल’ ही एक ओळ घटनेतले काहीही न बदलता नेमका तो पाया हलवते, आणि क्षणापूर्वी गहिवरलेला वाचक स्वतःच्याच गहिवराकडे संशयाने पाहू लागतो.

एकच आवाज उलट दिशेनेही, म्हणजे माणसाला सावरण्यासाठी, पुरेसा ठरू शकतो, याचा पुरावाही जुना आहे. सॉलोमन अॅश यांनी १९५०च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले. इतर सर्वजण ठरवून चुकीचे उत्तर देत, तेव्हा सहभागी व्यक्तींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताकडे झुकत. मात्र खरे बोलणारा एकच सोबती मिळाला, की हे प्रमाण जवळपास पाव पटीवर येई.