पावसाळ्यात ड्रेनेज उलटे का येते? घरमालक आणि सोसायट्यांसाठी माहिती

एरवी नीट चालणारी ड्रेनेज लाइन जोराच्या पावसात उलटी येते, चेंबर भरून वाहतात. लाइन तुंबली असे समजून सफाईची गाडी बोलावली जाते. पण अनेकदा लाइन तुंबलेली नसतेच. जे पाणी तिच्यात यायलाच नको, त्याने ती भरलेली असते.

सगळ्यात उघड चोरवाट म्हणजे चुकीची जोडणी: गच्चीचा डाउनटेक पाईप, अंगणातली जाळी किंवा तळघरातला पंप थेट सांडपाण्याच्या लाइनला जोडलेला असतो. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात 2,000 लिटर पाणी खाली उतरते. माणशी रोजचे 150 लिटर सांडपाणी धरले, तर हे 13 माणसांचे दिवसभराचे झाले. चेंबरच्या झाकणालाही कमी लेखू नका. झाकण उचलण्यासाठी ठेवलेल्या 25 मिलिमीटरच्या एका भोकातून, वर जेमतेम 25 मिलिमीटर पाणी साचलेले असताना, मिनिटाला सुमारे 12 लिटर आत जाते.

दुसरी वाट दिसत नाही. भूजलाची पातळी पाईपच्या वर चढली की सुटलेले जोड, तडे आणि झाडांच्या मुळ्यांनी रुंदावलेल्या फटी यांतून पाणी आत झिरपते. पाऊस थांबल्यावरही हा पाझर कित्येक दिवस चालू राहतो. सोबत बारीक माती येते, पाईपभोवती पोकळी होते आणि एक दिवस वरचा रस्ता खचतो. पातळी खाली गेली की त्याच फटींतून सांडपाणी बाहेर, जमिनीत मुरते. शिवाय हे जादा पाणी पंपांना उपसावे लागते आणि शुद्धीकरण केंद्रालाही पेलावे लागते. विजेचे बिल वाढते ते वेगळेच.

आम्ही ड्रेनेज लाइनची तपासणी आणि दुरुस्ती करतो. हे पाणी कुठून येते याचा शोध कसा घेतो? पहाटे 2 ते 4 च्या दरम्यान घरातला वापर सर्वांत कमी असतो. त्या वेळी चेंबरमधून बऱ्यापैकी स्वच्छ पाणी सतत वाहत असेल, तर ते बहुधा भूजल. मग कॅमेरा आत सोडतो. तो पातळी चढलेली असतानाच सोडायला हवा. भर उन्हाळ्यात तडा दिसतो, पण त्यातून पाणी येते की नाही ते कळत नाही. केवळ उन्हाळ्यातल्या पाहणीवरून कोणी ‘पाणी शिरत नाही’ असा अहवाल दिला, तर तो आम्ही ग्राह्य धरत नाही.

दुरुस्तीची सुरुवात स्वस्तातल्या कामांनी करा: गच्चीचे पाणी पावसाळी गटाराकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवा, झाकणे घट्ट बसवा. खणण्याची वेळ बरेचदा येतच नाही. रेझिनमध्ये भिजवलेली कापडी नळी जुन्या पाईपमध्ये सरकवून गरम पाण्याने, वाफेने किंवा अतिनील प्रकाशाने कडक केली की आत नवा, बिनजोडाचा पाईप तयार होतो. यालाच अस्तर लावणे म्हणतात. एरिक वुड या अभियंत्याने 1971 मध्ये लंडनमध्ये ही पद्धत प्रथम वापरली. मात्र पाईप पूर्ण ढासळला असेल किंवा उतारच चुकला असेल, तर अस्तर लावून उपयोग नाही, खणावेच लागते.

एका बाबतीत आमचा आग्रह असतो. फक्त मुख्य लाइनला अस्तर लावले तर अडलेले भूजल वर चढते आणि घरापासून मुख्य लाइनपर्यंतच्या जोडणीतून आत शिरते. मोठा खर्च होतो, चेंबर मात्र भरतच राहतात. म्हणून घरांच्या जोडण्या तपासल्याशिवाय आम्ही मुख्य लाइनचा अंदाजपत्रकी खर्च देत नाही. (शहरात पाऊस आणि सांडपाणी यांची मुळातच एकत्र लाइन असेल तर गच्चीच्या पाण्याचा नियम वेगळा असतो, आधी नगरपालिकेत विचारा.)

धूर चाचणीच्या आदल्या दिवशी सूचना लावू. चेंबरमधून सोडलेला धूर डाउनटेकमधून बाहेर आला की चुकीची जोडणी सापडते. त्या सकाळी प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये आणि न वापरल्या जाणाऱ्या बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता, म्हणजे धूर घरात येणार नाही. तरीही आला तर खिडक्या उघडा आणि आमच्या माणसाला ती जागा दाखवा. तिथून एरवी ड्रेनेजचा वायूही घरात येत असणार. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आधी कळवा.