हाक ऐकून कुत्रा का येतो आणि का येत नाही

घरात नाव घेतले की शेपूट हलवत पायाशी येणारा कुत्रा मोकळ्या मैदानात तीच हाक ऐकूनही मान वर करत नाही, तेव्हा बहुतेक लोक एकच निष्कर्ष काढतात: कुत्रा हट्टी आहे, किंवा त्याला आपला धाक उरलेला नाही. प्राणी कसे शिकतात याविषयी गेल्या सव्वाशे वर्षांत झालेले संशोधन या निष्कर्षाला आधार देत नाही. हाकेसरशी येणे हे त्या हाकेनंतर आजवर कुत्र्याच्या वाट्याला काय आले यावर अवलंबून असते, आणि त्याच्या वाट्याला काय यावे हे आपण, बहुधा नकळत, रोज ठरवत असतो.

रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील कामासाठी. त्या प्रयोगांच्या ओघात त्यांच्या लक्षात आले की अन्न तोंडात पडण्याची वाट न पाहता, अन्नाची चाहूल देणाऱ्या नुसत्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते. मेट्रोनोम या ठराविक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या ठोक्यापाठोपाठ वारंवार अन्न मिळाले की काही काळाने ठोकाच पुरेसा ठरतो. साधारण त्याच सुमारास, १८९८ मध्ये, अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना आणि कुत्र्यांना खटका दाबून किंवा दोरी ओढून उघडणाऱ्या पेटीत ठेवून पाहिले. ज्या हालचालीनंतर सुटका आणि अन्न मिळत असे, ती हालचाल पुढच्या खेपांना लवकर होऊ लागे आणि निरुपयोगी धडपड हळूहळू गळून पडे. यालाच पुढे परिणामाचा नियम म्हटले गेले आणि मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी त्यावर साधक अभिसंधानाची, म्हणजे परिणामांतून वर्तन कसे घडते याची, मांडणी उभी केली. हाकेच्या शिक्षणात हे दोन्ही प्रकार एकत्र काम करतात. शब्द कानावर पडताच कुत्र्याच्या मनात जी उत्सुकता किंवा धास्ती निर्माण होते ती पावलोव्ह यांच्या प्रकारची असते, तर वळून आपल्याकडे धावत येण्याची क्रिया तिच्या परिणामाने बळावते किंवा दुबळी होते.

म्हणून सुरुवात कुत्र्याकडून काहीही न मागता करावी. तो खोलीत दोन पावलांवर असताना ठरवलेला शब्द एकदा उच्चारावा आणि लगेच त्याला आवडणारा खाऊ द्यावा, इतकेच. शब्द आधी आणि खाऊ नंतर हा क्रम मात्र काटेकोरपणे पाळावा लागतो. कुत्री आपल्या शब्दांपेक्षा आपल्या शरीराकडे अधिक बारकाईने पाहतात. हात खिशाकडे जाणे, पिशवीची सळसळ, कमरेतून वाकणे यांपैकी काही शब्दाच्या आधी किंवा शब्दाबरोबरच घडले, तर कुत्रा ती हालचाल शिकतो आणि शब्द त्याच्यासाठी केवळ सोबतचा आवाज राहतो. अशा कुत्र्याचा मालक मग शंभर पावलांवरून ओरडत राहतो आणि शब्द शिकवूनही कुत्रा येत नाही याचे त्याला नवल वाटते. स्थिर उभे राहून शब्द उच्चारावा, क्षणभर थांबावे आणि मगच हात हलवावा. खाऊही एक-दोन सेकंदांत तोंडाशी पोहोचला पाहिजे, कारण उशीर झाला तर मधल्या काळात कुत्र्याने केलेल्या दुसऱ्याच कृतीला बक्षीस मिळते. खाऊचे तुकडे अगदी लहान असावेत आणि त्यांचे एकूण प्रमाण दिवसभराच्या आहारातील उष्मांकांच्या सुमारे १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा पदार्थ) घातलेले गोड पदार्थ कुत्र्यांना विषारी असल्यामुळे ते कटाक्षाने टाळावेत.

आवाज कसा असावा, याविषयीही काही ठोस माहिती उपलब्ध आहे. प्राणिवर्तन शास्त्रज्ञ पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, तेव्हा प्राण्याला वेगाने हालवण्यासाठी छोटे, तुटक, पुन्हापुन्हा येणारे ध्वनी आणि त्याला थांबवण्यासाठी एकच लांब स्वर वापरण्याची प्रवृत्ती भाषेची सीमा ओलांडून आढळली. पिल्लांवरील प्रयोगातही छोट्या, चढत्या ध्वनींनी त्यांची हालचाल वाढली. म्हणजे दरडावणीच्या खालच्या सुरात लांबवलेली हाक कुत्र्याला जवळ आणण्याऐवजी जागीच थबकवण्याची शक्यता अधिक. बुडापेस्टमधील आत्तिला आंदिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३ कुत्र्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. स्कॅनरमध्ये जागेपणी निश्चल पडून राहण्याचे शिक्षण या कुत्र्यांना आधीच दिलेले होते. कौतुकाचे शब्द कौतुकाच्या सुरात ऐकवले तेव्हाच मेंदूतील बक्षिसाशी निगडित भाग जागृत झाले. तेच शब्द निर्विकार सुरात, किंवा निरर्थक शब्द कौतुकाच्या सुरात, तसा परिणाम करू शकले नाहीत. शब्द आणि सूर हे दोन्ही कुत्रा ऐकतो, त्यामुळे घरातील प्रत्येकाने एकच शब्द आणि शक्य तितका एकच सूर वापरणे ही काटेकोरपणाची हौस समजू नये.

बक्षीस म्हणजे खाऊच का, असा प्रश्न अनेक जण विचारतात आणि तो रास्त आहे. ग्रेगरी बर्न्स यांच्या अमेरिकेतील गटाने २०१६ मध्ये १५ कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात, १३ कुत्र्यांच्या मेंदूतील बक्षीस-केंद्राने मालकाच्या कौतुकाला खाऊइतका किंवा त्याहून अधिक प्रतिसाद दिला. यावरून केवळ शाबासकीवर काम भागेल असे मात्र मी म्हणणार नाही, कारण स्कॅनरच्या नळकांड्यात शाबासकीशी स्पर्धा करणारे काहीच नसते आणि मैदानात मातीचे वास, दुसरी कुत्री आणि पळणारी खार असते. येथे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेले तत्त्व फार उपयोगी पडते: जी कृती प्राणी आपणहून वारंवार करतो, ती करण्याची संधी दुसऱ्या, कमी वेळा घडणाऱ्या कृतीचे बक्षीस ठरू शकते. कुत्रा हुंगत असताना त्याला बोलवावे, आला की खाऊ द्यावा आणि ताबडतोब पुन्हा हुंगायला सोडावे. असे दहा वेळा घडले की हुंगण्यातून बाजूला येणे म्हणजे आनंद संपणे हे समीकरण मोडते. ज्या गोष्टीने त्याचे लक्ष आपल्यापासून खेचले, तीच आपल्या बाजूने उभी राहते. घरगुती प्रशिक्षणात या तत्त्वाचा वापर फार कमी होतो, याचे मला वाईट वाटते.

हाक निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारणही याच्याच उलट बाजूला आहे. कुत्रा मैदानात तासभर खेळतो, त्या काळात त्याला कोणी बोलवत नाही, आणि हाक पडते ती थेट साखळी लावून घरी नेण्याच्या वेळी. आंघोळीसाठी, नखे कापण्यासाठी, औषध पाजण्यासाठी हाच शब्द वापरला जातो. कुत्रा उशिरा आला तर रागावले जाते. यातल्या प्रत्येक प्रसंगी शब्दानंतर अप्रिय गोष्ट घडते आणि पावलोव्ह यांच्या कुत्र्यांइतक्याच विश्वासूपणे आपला कुत्रा ती जोडणी नोंदवतो. उशिरा आलेल्या कुत्र्याला रागावताना मालकाला वाटते की ही शिक्षा उशिराबद्दलची आहे, पण कुत्र्याच्या दृष्टीने शिक्षेच्या लगेच आधी घडलेली कृती येण्याचीच असते. तो कान पाडून, नजर चुकवून उभा राहतो, तेव्हा त्याला चूक कळली असा समज होतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हा समज प्रयोगाने तपासला. मालकाच्या अनुपस्थितीत कुत्र्याने मनाई केलेला खाऊ प्रत्यक्षात खाल्ला होता की नाही, याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो मालकाच्या रागावण्याशी, आणि काही न केलेली कुत्रीही रागावल्यावर तोच चेहरा करत होती. म्हणून कुत्रा कितीही उशिरा आला तरी त्याचे स्वागतच करावे. अप्रिय कामासाठी त्याला बोलवू नये, आपण उठून त्याच्याकडे जावे.

एकच हाक पाच वेळा मारणे हीदेखील याच जातीची गोष्ट आहे. काहीही न घडता शब्द पुन्हापुन्हा कानावर पडत राहिला की त्याचा अर्थ विरत जातो, आणि याला अभ्यासक विलोपन म्हणतात. कुत्रा येणार नाही असे स्पष्ट दिसत असेल तर हाक न मारणे अधिक शहाणपणाचे. त्याऐवजी टाळी वाजवून पाठ फिरवावी आणि विरुद्ध दिशेला पळावे, कारण पळणाऱ्याच्या मागे धावण्याची कुत्र्याची ओढ मोठी असते. आपण त्याच्यामागे धावलो तर तोच खेळ उलटा सुरू होतो. जुना शब्द फारच झिजला असेल तर त्याची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा नवा शब्द निवडून पहिल्या पायरीपासून आरंभ करणे सोपे जाते.

दिवाणखान्यात पक्की झालेली हाक मैदानात का विसरली जाते, याचे उत्तर सामान्यीकरणात आहे. माणूस एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसरीकडे सहज लागू करतो. कुत्रा मात्र शब्दाबरोबर जागा, आपली उभे राहण्याची पद्धत, अंतर आणि आसपासचे वास हे सगळेच शिकत असतो, आणि यातले बरेच काही एकदम बदलले की त्याच्या दृष्टीने तो धडा नवाच असतो. त्यामुळे खोलीतून अंगणात, अंगणातून निर्जन मोकळ्या जागेत आणि तिथून वर्दळीच्या जागेत अशा क्रमाने जावे, आणि अंतर व व्यत्यय दोन्ही एकाच वेळी वाढवू नयेत. या काळात ५ ते १० मीटरची हलकी दोरी लावावी. ती गळपट्ट्याला न लावता छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला लावणे आवश्यक आहे, कारण धावता कुत्रा दोरीच्या टोकाला पोहोचला तर मानेला जोराचा हिसका बसू शकतो. कुत्र्याला खेचून आणणे हा दोरीचा हेतू नाही. हाकेकडे दुर्लक्ष करून पळत सुटणे आणि त्यातून भरपूर मजा मिळणे, हा अनुभव त्याला वारंवार येऊ नये एवढ्यासाठी ती असते, कारण तो अनुभवही परिणामाच्या नियमानुसारच बळावतो.

विजेचा सौम्य धक्का देणारे गळपट्टे नेमके याच अडचणीवरचा उपाय म्हणून विकले जातात. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये, बोलावल्यावर न येण्याची तक्रार असलेल्या ६३ कुत्र्यांचे तीन गट करून तुलना केली. एका गटाला अनुभवी प्रशिक्षकांनी विजेच्या गळपट्ट्याने शिकवले, दुसऱ्याला त्याच प्रशिक्षकांनी त्याशिवाय आणि तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. बक्षिसाने शिकलेली कुत्री पहिल्याच हाकेला प्रतिसाद देण्यात पुढे होती, आणि गळपट्ट्याचा वेगळा लाभ दिसला नाही. पोर्तुगालमध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात, शिक्षेचा वापर करणाऱ्या शाळांतील कुत्र्यांमध्ये तणावाच्या खुणा अधिक आढळल्या आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल या संप्रेरकाची वाढही अधिक होती. वेदना देऊनही अधिक काही हाती लागत नसेल, तर ती देण्याचे समर्थन मला कोणत्याही अंगाने करता येत नाही.

शिकवण्यासाठी दिवसाचे तास लागतात, हा समजही सोडून द्यावा. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०११ मध्ये ४४ बीगल कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, आठवड्यातून एक-दोनदाच सराव झालेल्या कुत्र्यांनी रोज सराव झालेल्यांपेक्षा कमी सत्रांत तेच काम आत्मसात केले. दिवसांचा हिशेब केला तर रोजचा सराव अर्थातच लवकर संपतो, पण एखादा दिवस चुकला म्हणून शिकलेले वाहून जात नाही. काही मिनिटांचे, कुत्रा उत्साहात असतानाच थांबवलेले सत्र पुरते.

मात्र ६ ते ९ महिन्यांच्या वयात, सगळे सुरळीत चालले असताना, चांगला शिकलेला कुत्राही अचानक ऐकेनासा होऊ शकतो. लूसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की ५ महिन्यांच्या वयात मालकाचे ऐकणारी कुत्री ८ महिन्यांच्या वयात त्याच मालकाच्या आज्ञेला कमी प्रतिसाद देतात, पण अनोळखी माणसाने तीच आज्ञा दिली तर त्यांच्यात ही घसरण दिसत नाही. म्हणजे ते शिकलेले विसरत नाहीत. ही पौगंडावस्था आहे आणि ती ओसरते. याच वयात अनेक घरांत शिक्षा सुरू होते किंवा कुत्रा नकोसा होतो, ही अतिशय दुःखद गोष्ट आहे. या महिन्यांत लांब दोरी परत लावावी, व्यत्यय कमी करावेत आणि बक्षीस वाढवावे.

हाक पक्की झाल्यावर खाऊ बंद करावा का? अनिश्चित अंतराने मिळणाऱ्या बक्षिसामुळे सवय अधिक चिवट होते, हे स्किनर यांच्या परंपरेतील प्रयोगांनी सिद्ध केलेले आहे. त्यामुळे बसणे, पंजा देणे अशा गोष्टींसाठी खाऊ विरळ करायला हरकत नाही. हाकेचे मात्र मी वेगळे मानतो. तिच्यावर एखाद्या दिवशी भरधाव वाहनासमोरून परत फिरणे अवलंबून असू शकते, म्हणून तिला दर वेळी काहीतरी मिळावे आणि ते काय असेल हे बदलत राहावे: कधी खाऊ, कधी चेंडू, कधी पुन्हा मोकळीक आणि अधूनमधून अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठे बक्षीस. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवर केलेल्या कामातून दिसले आहे की पूर्ण अपेक्षित बक्षिसाला या पेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत, पण अपेक्षेहून अधिक मिळाले की त्या जोमाने सक्रिय होतात.

एक तयारी कुत्रा तरुण असतानाच करून ठेवावी. वय वाढते तशी अनेक कुत्र्यांची श्रवणशक्ती कमी होत जाते आणि ऐकू न येणे हे न ऐकणे समजले जाते. त्यामुळे हाकेला हाताची एक ठळक, दुरून दिसणारी खूण जोडावी. आधी खूण करावी, क्षणभराने ओळखीची हाक मारावी आणि आल्यावर नेहमीसारखे बक्षीस द्यावे. काही दिवसांनी कुत्रा हाकेची वाट न पाहता खुणेवरच निघू लागला की हाक गाळून पाहावी.