मार्शलचा १९७१चा मोसम आणि त्याआधीची पडझड

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या हंटिंग्टनचं मार्शल विद्यापीठ आणि तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ यांची गोष्ट बहुतेकदा १४ नोव्हेंबर १९७०पासून सांगितली जाते. ईस्ट कॅरोलायनाकडून १७-१४ असा पराभव पत्करून परतणाऱ्या संघाचं विमान त्या रात्री हंटिंग्टनच्या विमानतळाअलीकडच्या टेकडीवर कोसळलं. विमानातले सगळे, ७५ जण गेले. त्यात ३७ खेळाडू होते, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली आणि त्यांचे सहकारी होते, आणि संघाच्या प्रेमापोटी सोबत गेलेले गावातले प्रतिष्ठितही होते. काही घरांत आई-वडील दोघंही उरले नाहीत.

पण पुढच्या वर्षीचा मोसम समजून घ्यायचा तर आणखी मागे जायला हवं. हा संघ अपघाताआधीच खिळखिळा झाला होता. लागोपाठ २७ सामन्यांत त्याला एकही विजय मिळाला नव्हता. खेळाडूंच्या भरतीत नियम मोडल्याबद्दल १९६९ साली मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने, म्हणजे मार्शल ज्यात खेळत होतं त्या विद्यापीठांच्या गटाने, मार्शलला निलंबित केलं आणि प्रशिक्षक पेरी मॉस यांना पद सोडावं लागलं. ऐन मोसमाच्या तोंडावर धुरा आली ती टॉली यांच्याकडे. त्यांनी त्याच वर्षी बोलिंग ग्रीन विद्यापीठाला हरवून विजयाविना चाललेली ती मालिका तोडली आणि तीन सामने जिंकले. म्हणजे संघ नुकता कुठे सावरू लागला होता, आणि नेमका तेव्हा हा घाला पडला.

संघच बंद करावा, असं म्हणणारेही होते. अखेर तो चालू ठेवायचं ठरलं, पण प्रशिक्षक मिळेना. जॉर्जिया टेकचे डिक बेस्टविक आले आणि काही दिवसांतच परत गेले. मग ओहायोतल्या वूस्टर या छोट्या कॉलेजातून जॅक लेंग्येल आले. त्यांच्या हाती होते प्रवासाला न गेलेले मोजके खेळाडू, दुसऱ्या खेळांतून आलेली मुलं आणि अगदी कोवळे विद्यार्थी. तेव्हाच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने मार्शलसाठी ही अट शिथिल केली. ती सवलत नसती तर संघ उभाच राहिला नसता. एवढ्या अननुभवी मुलांना झेपेल असा आक्रमणाचा 'व्हीअर' डाव (चेंडू कोणी घेऊन पळायचं हे समोरचा बचावपटू पाहून ऐनवेळी ठरवण्याचा) शिकवायचा होता. त्यासाठी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी आपल्या डावांची टिपणं लेंग्येल यांच्यापुढे मोकळी केली. राज्यातल्या मोठ्या संघाच्या प्रशिक्षकाचा हा मोठेपणा मला या सगळ्यात फार मोलाचा वाटतो.

पहिला सामना मोरहेड स्टेटविरुद्ध झाला, मार्शल २९-६ असा हरला. २५ सप्टेंबर १९७१ला घरच्या मैदानावर झेवियर विद्यापीठाशी गाठ होती. मार्शल १३-९ असा मागे होता आणि घड्याळात सेकंद संपत आले होते. आक्रमणाची सूत्रं सांभाळणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, रेजी ऑलिव्हरने बाजूला छोटा पास टाकला आणि पहिल्या वर्षाचा टेरी गार्डनर चेंडू घेऊन टचडाउन रेषेपार गेला, म्हणजे सहा गुण मिळाले. १५-१३! लोक मैदानात धावले, अनेकांना रडू आवरेना.

पुढे बोलिंग ग्रीनला १२-१० असं नमवलं, बाकीचे सामने गेले. मोसम दोन विजय, आठ पराभव असा संपला. लेंग्येल १९७४पर्यंत राहिले. चार मोसमांत ९ विजय, ३३ पराभव. पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला मोसम मार्शलला थेट १९८४ साली मिळाला.