ट्रायड व अर्पेजिओंचा सराव (गिटार)

मूळ स्वर, त्याच्यापासूनचा तिसरा आणि पाचवा हे तीन स्वर एकत्र छेडले की ट्रायड होतो. तेच सुटे, एकामागून एक वाजवले की अर्पेजिओ. हा शब्द हार्पच्या ‘आर्पा’ या इटालियन नावावरून आला. हार्मोनियमवर ‘सागप, रेमध, गपनी’ हा पलटा ज्याने घोटला आहे, त्याने ट्रायड नकळत वाजवलेलेच असतात. शुद्ध गंधार घेतला तर मेजर, कोमल घेतला तर मायनर.

गिटारवर खरी गुंतागुंत तारांच्या जुळणीची आहे. शेजारच्या तारांमध्ये षड्ज-मध्यमाचे अंतर असते, पण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत (मोजणी सर्वांत बारीक तारेपासून) ते षड्ज-गंधाराचे होते. त्यामुळे जाड तारांवर बसलेला बोटांचा आकार बारीक तारांवर जसाच्या तसा चालत नाही. म्हणून तीन-तीन लगतच्या तारांचे चार गट पाडून प्रत्येकात ट्रायडची तिन्ही रूपे (तळाशी मूळ, तिसरा किंवा पाचवा स्वर असलेली) बसवतात. सी मेजर तिसऱ्या, दुसऱ्या व पहिल्या तारेवर असा सापडतो: खुली (न दाबलेली), पहिला फ्रेट (पडदा), खुली, मग पाचवा, पाचवा, तिसरा, मग नववा, आठवा, आठवा. नुसते आकार पाठ करणारा पट्टी बदलली की अडतो. वाजवताना स्वरांची नावे तोंडाने म्हणणे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

लयीसाठी मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून मात्रेला एक, दोन, तीन, चार स्वर असे वाढवत नेतात. चारला गंमत येते: गट तीन स्वरांचा असल्याने दर मात्रेचा ठोका वेगळ्या स्वरावर पडतो आणि बारा स्वरांनंतर मूळ स्वर पुन्हा मात्रेवर येतो.

उजव्या हाताच्या शिस्तीचा नमुना म्हणजे माउरो जुलियानी (1781–1829) या इटालियन वादकाचे, व्हिएन्नातल्या वास्तव्यात प्रसिद्ध झालेले 120 अभ्यास. ते सगळे सी मेजर आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर) आहेत. (जी सेव्हन चार स्वरांचा, म्हणजे काटेकोरपणे ट्रायड नव्हे.) डाव्या हाताला जवळजवळ काम नसल्याने सारे लक्ष अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांच्या क्रमावर राहते. ब्राझीलचे संगीतकार व्हिला-लोबोस यांच्या बारा एत्यूदांपैकी (अभ्यासरचनांपैकी) पहिल्यात हेच उलटे आहे: उजव्या हाताची चाल शेवटाकडे येईपर्यंत तीच, आणि डावा हात मधल्या भागात एकच आकार धरून एकेक फ्रेट खाली सरकतो.

इलेक्ट्रिक गिटारवर एकाच झोकात पिक (तार छेडायची चकती) लगतच्या तारांवरून ओढण्याला स्वीप पिकिंग म्हणतात. यात उजव्या हाताचा वेग सगळ्यांना दिसतो, पण अवघड काम डाव्या हाताचे असते. स्वर वाजताच बोट तारेवर तसेच ठेवून दाब सोडावा लागतो, नाहीतर स्वर एकमेकांत मिसळून अर्पेजिओचा पुन्हा कॉर्ड होतो. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) लावले की ही सरमिसळ लगेच कानाला टोचते. आघातांतला कमीजास्तपणा मात्र त्याखाली झाकला जातो, तो साध्या आवाजातच पकडता येतो.