नीतिसूत्रे : बायबलमधील शीलसंस्कार

हिब्रू बायबलच्या ‘केतुबिम’ या तिसऱ्या विभागातील आणि ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारातील एक ज्ञानपर ग्रंथ. अध्याय ३१, वचने ९१५. चांगले शील कसे घडते, या प्रश्नाला बायबलमध्ये सर्वांत सलग उत्तर याच ग्रंथात मिळते. हिब्रू नाव ‘मिश्ले’. त्यातील ‘माशाल’ या शब्दात तुलना, दाखला, म्हण असे अनेक अर्थ सामावलेले आहेत. मराठी भाषांतरकारांनी ‘नीतिसूत्रे’ हा शब्द योजला, त्यामुळे या ग्रंथाला आपल्याकडील सूत्र-सुभाषितांची छटा आली. ती बहुतांशी यथार्थ आहे.

ग्रंथाची भाषा समजण्यासाठी दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ‘होख्मा’ म्हणजे ज्ञान खरे. परंतु निर्गम या ग्रंथात निवासमंडपाचे (उपासनेच्या पवित्र तंबूचे) काम करणाऱ्या बसालेल या कारागिराच्या कौशल्यालाही हाच शब्द वापरलेला आहे. म्हणजे शहाणपण हे हाताच्या कसबासारखे, सरावाने अंगी येणारे मानले गेले. दुसरा शब्द ‘मुसार’. त्यात शिकवण आणि ताडन हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी वाचकाला ते परके वाटू नये, कारण आपले ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे शब्दही एकाच धातूचे आहेत. या दोहोंना ‘परमेश्वराचे भय’ या संकल्पनेचा आधार दिलेला आहे (१:७, म्हणजे अध्याय १, वचन ७). येथील भय म्हणजे भेदरणे नव्हे, तर आपल्या वागण्याचा जाब घेणारा कोणी आहे याची आदरयुक्त जाणीव होय.

ग्रंथ एकसंध नाही. शीर्षके पाहता त्यात किमान सहा-सात संग्रह एकत्र आले आहेत. अध्याय १ ते ९ मध्ये पित्याने पुत्राला केलेले दीर्घ उपदेश आहेत. १०:१ ते २२:१६ मध्ये इस्राएलचा राजा शलमोन याच्या नावाने ‘शलमोनाची नीतिसूत्रे’ असून त्यांची संख्या ३७५ भरते, आणि हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांनुसार ‘श्लोमो’ (शलमोनाचे हिब्रू रूप) या नावाची बेरीजही तेवढीच होते. अध्याय २५ ते २९ मधील सूत्रे यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतली, असे ग्रंथच सांगतो. आगूर आणि राजा लमुएलची आई यांची वचने शेवटी येतात. शलमोन इ.स.पू. दहाव्या शतकातला, सर्व सूत्रे त्याचीच असल्याचे आज फारसे कोणी मानत नाही. हिज्कीयाच्या काळी, म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, राजदरबारी लेखनिकांनी जुनी वचने संकलित केली असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिले नऊ अध्याय बाबिलोनच्या बंदिवासानंतरचे (इ.स.पू. सहाव्या शतकात यहूदी लोकांना बाबिलोनला नेले गेले, त्यानंतरचे) असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. तथापि याबाबत एकमत नाही.

उगमाविषयीचा सर्वांत मोठा वाद २२:१७ ते २४:२२ या भागासंबंधी आहे. ब्रिटिश म्युझियमसाठी इजिप्तविद्येचे अभ्यासक वॉलिस बज यांनी १८८८ मध्ये मिळवलेल्या एका पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर) ‘अमेनेमोपेची शिकवण’ हा इजिप्शियन ग्रंथ आहे. बज यांनी तो १९२३ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी जर्मन इजिप्तविद आडोल्फ एर्मान यांनी त्याचे नीतिसूत्रांशी असलेले साम्य दाखवून दिले. गरिबाला लुबाडू नकोस, शेताची बांधखूण सरकवू नकोस, तापट माणसाची संगत धरू नकोस, संपत्ती पंख लावून उडून जाते, असे उपदेश दोन्हीकडे आढळतात. इजिप्शियन ग्रंथात मात्र संपत्ती रानहंसांसारखी उडते, तर हिब्रूत गरुडासारखी. २२:२० मधील एका दुर्बोध शब्दाचा हिब्रू परंपरेतील लिखित पाठ ‘शिल्शोम’ (पूर्वी) आणि वाचताना उच्चारायचा पाठ ‘शालिशिम’ असा आहे. तेथे ‘श्लोशिम’ (तीस) असा पाठ घ्यावा, हे एर्मान यांचे सुचवणे गाजले, कारण अमेनेमोपेच्या ग्रंथाचे अध्याय नेमके तीस आहेत. फ्रेंच इजिप्तविद एत्येन द्रिओतों यांनी १९५७ मध्ये उलट बाजू मांडून इजिप्शियन ग्रंथच हिब्रूवरून बेतल्याचे म्हटले. परंतु तो रामसेस राजांच्या काळातला, म्हणजे शलमोनाच्याही आधीचा, असावा असे आता सामान्यतः मानले जाते आणि द्रिओतों यांचे मत टिकले नाही. लेखनिकांच्या अभ्यासक्रमातून ही वचने इजिप्तहून यरुशलेमकडे आली असावीत, हाच तर्क सयुक्तिक दिसतो. उसनवारीपेक्षा तिच्यात झालेला बदल अधिक बोलका आहे. बांधखूण सरकवणाऱ्याला अमेनेमोपे चंद्रदेवाच्या सामर्थ्याची धास्ती घालतो. नीतिसूत्रे सांगतात की, पोरक्यांचा ‘गोएल’ बलवान आहे (२३:११). गोएल म्हणजे कुळातील दुबळ्याची गेलेली जमीन सोडवून घेणारा जवळचा नातलग. येथे ते नाते स्वतः परमेश्वराने पत्करले आहे.

शील घडते ते रोजच्या लहान कृतींतून, ही ग्रंथाची धारणा आहे. जीभ, भूक, झोप, पैसा, शेजार हे तिचे विषय. बिजागरीवर दार फिरावे तसा आळशी अंथरुणावर कुशी बदलतो (२६:१४). ‘दगड आणि दगड, एफा (धान्याचे माप) आणि एफा’, म्हणजे दुहेरी वजने-मापे, यांची परमेश्वराला किळस येते (२०:१०). त्या काळी वजने दगडाची असत, व्यापारी ती थैलीत बाळगी, आणि घेताना जड व देताना हलका दगड तागडीत टाकण्याची सोय त्यातच होती. यहूदाच्या भूमीत उत्खननात सापडलेली घुमटाकार चुनखडीची, शेकेल या वजनाच्या एककाचा आकडा कोरलेली वजने पाहिली म्हणजे या वचनाचा रोख स्पष्ट होतो.

सूत्र पाठ असणे पुरेसे नाही, ते कुठे लावायचे हेही कळावे लागते. ‘मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको’ आणि लगेच ‘उत्तर दे’ (२६:४-५), ही जोडी त्याचा उत्तम नमुना. या विसंगतीमुळे ग्रंथ वाचनातून बाजूला ठेवण्याचा विचार झाल्याची नोंद तालमूद या यहूदी धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या शब्बाथ प्रकरणात आहे. एक वचन ऐहिक गोष्टींसाठी आणि दुसरे धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी, असा उलगडा तेथेच केलेला आहे. मुलाला ‘त्याच्या मार्गाप्रमाणे’ वळण लावावे (२२:६) या वचनाचेही असेच आहे. त्याने जावे तो मार्ग, की त्याचा स्वतःचा कल? मूळ शब्दांतून दोन्ही अर्थ निघतात. छडीविषयीची वचने (१३:२४ इ.) ‘मुसार’ या व्यापक कल्पनेच्या संदर्भात वाचायला हवीत; मारहाणीला मुभा म्हणून ती सुटी काढणे ग्रंथाच्या एकूण सौम्य भाषेशी, विशेषतः मृदू उत्तराने राग शमतो (१५:१) या वचनाशी, जुळत नाही.

शेवटचे २२ चरण (३१:१०-३१) हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले ‘एशेत हायिल’ (समर्थ स्त्री) हे स्त्रीस्तवन आहे. ‘हायिल’ हा शब्द सैन्य, शौर्य, सामर्थ्य यांसाठीही येतो. त्यामुळे नुसते ‘सद्गुणी’ हे विशेषण अपुरे पडते. ही स्त्री शेत पारखून विकत घेते, कमाईतून द्राक्षमळा लावते आणि गरजूंपुढे हात पसरून देते. मराठी भाषांतरांविषयी सांगायचे, तर बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी नवा करार १८११ मध्ये मराठीत आणला. जुन्या करारासह संपूर्ण बायबलचे हिब्रू व ग्रीकवरून पंडिता रमाबाईंनी एकहाती केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्याची छपाई केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी केली होती.