उंदरांतील सेरोटोनिन ग्राही आणि चिंतावर्तन

सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारे एक रसायन आहे. ते ज्या प्रथिनांना चिकटून आपला परिणाम घडवते, त्यांना सेरोटोनिन ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. सस्तन प्राण्यांत या ग्राहींची सात कुळे आणि किमान १४ प्रकार आढळतात. उंदीर उघड्यावर यायला किती कचरतो, यावर यांतल्या काही प्रकारांचा मोठा प्रभाव असतो. त्यांपैकी १ए या प्रकाराचा अभ्यास सर्वांत खोलवर झाला आहे.

विदर्भातल्या खेड्यात कापूस किंवा तुरीची पोती भरलेल्या खोलीत एकदम दिवा लावला, तर घरउंदीर मोकळ्या जमिनीवरून सहसा पळत नाही. भिंतीला अंग घासत तो एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा गाठतो. पिंजरा भिंतीलगत लावण्याची रीत यामुळेच आहे. मांजर, धामण, घुबड हे सगळे टपलेले असताना ही भीती उंदराला जगवते. तिला आजार म्हणता येत नाही. प्रयोगशाळेतला पांढरा किंवा काळा उंदीर याच घरउंदराचा वंशज आहे, आणि चिंतेच्या बहुतेक चाचण्या त्याच्या याच स्वभावावर बेतलेल्या आहेत.

सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी म्हणजे उंचावरचा अधिक-चिन्हाकृती मार्ग, अर्थात प्लस मेझ. तिचे चार फाटे जमिनीपासून हातभर उंच असतात. दोन फाट्यांना भिंती, दोन सताड उघडे. उंदराला मध्यभागी सोडून पाच मिनिटे पाहतात. तो भिंतीच्या फाट्यात शिरतो, मग मागचे पाय आतच ठेवून अंग लांबवतो, नाक पुढे काढून हुंगतो आणि झटकन मागे सरतो. थोड्या वेळाने धीर करून उघड्या फाट्यावर दोन पावले टाकतो, कडेवरून खाली डोकावतो. उघड्या फाट्यांवर घालवलेला वेळ जितका कमी, तितके चिंतावर्तन जास्त मानतात. डायझेपाम हे चिंता कमी करणारे औषध दिलेला उंदीर तिथे जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून या मोजमापावर विश्वास ठेवला जातो. उंदराला आतून काय वाटते ते कोणी विचारू शकत नाही, म्हणून शास्त्रज्ञ ‘चिंता’ न म्हणता ‘चिंतावर्तन’ म्हणतात. हा फरक वाचकानेही सोडू नये.

सेरोटोनिन १९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रक्तातून वेगळे केले गेले. बेटी ट्वारोग आणि अर्व्हिन पेज यांनी १९५३ मध्ये ते मेंदूतही दाखवले. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असते. मेंदूतले सेरोटोनिन मस्तिष्कस्तंभातल्या राफे नावाच्या पेशीपुंजांत तयार होते आणि तिथून निघालेल्या तंतूंमधून जवळजवळ सगळ्या मेंदूत पोचते.

१ए ग्राही दोन ठिकाणी असतो. राफेतल्या पेशींवर तो त्याच पेशींनी सोडलेल्या सेरोटोनिनची चाहूल घेतो आणि टाकी भरत आली की बॉलकॉक जसा पाणी तोडतो, तसा पेशीचा वेग उतरवतो. हिप्पोकॅम्पस, कॉर्टेक्स आणि अमिग्डाला या मेंदूच्या इतर भागांत तो दुसऱ्यांकडून आलेला निरोप ऐकतो. १९९८ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी या ग्राहीचे जनुक काढून टाकलेले उंदीर स्वतंत्रपणे तयार केले. उंदरांची जात प्रत्येकीकडे निराळी होती, तरी निष्कर्ष एकच निघाला: ग्राही नसलेले उंदीर जास्त बिचकणारे. वर्तनाच्या प्रयोगांत इतका मेळ क्वचितच बसतो.

पुढचा प्रश्न जास्त मोलाचा होता: हा ग्राही केव्हा लागतो? कोलंबिया विद्यापीठातील रेने हेन यांच्या गटाने २००२ मध्ये असे उंदीर घडवले की ज्यांच्या फक्त पुढच्या मेंदूत हा ग्राही होता, पण चाऱ्यातून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले की तो बंद पडे. मोठेपणी बंद केला, तर वर्तन बदलले नाही. जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे पिल्लू दूध सोडून स्वतः खायला लागते त्या काळात, ग्राही जागेवर असला की उंदीर पुढे नेहमीसारखा निघाला. २०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेने वेगळ्या तंत्राने केलेल्या कामात मात्र राफेतला ग्राहीच निर्णायक ठरला. जागेबद्दलचा हा वाद खरा आहे. चिंतेची घडण लहानपणी होते, याला मात्र दोन्ही प्रयोगांचा आधार आहे. २००४ मध्ये पिल्लांना चौथ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुओक्सेटिन हे सेरोटोनिन वाढवणारे नैराश्यावरचे औषध दिल्यावर ती मोठेपणी जास्त बुजरी निघाली, हे त्याच सूत्राला धरून आहे.

२ए ग्राही काढलेले उंदीर उलट कमी भितात. १बी नसलेले जास्त भांडखोर होतात. म्हणून ‘सेरोटोनिन कमी झाले की चिंता वाढते’ हे सोपे समीकरण टिकत नाही.

या संशोधनातली एक गोष्ट ग्रामीण दवाखान्यात रोज उपयोगी पडते. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी काही तासांतच पेशींभोवतीचे सेरोटोनिन वाढवते, पण राफेतला १ए ग्राही ते ओळखून पेशींना आवर घालतो. काही आठवड्यांनी हा आवर सैल पडतो. गोळीचा गुण उशिरा येण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. दरम्यान काहींची धडधड सुरुवातीला वाढतेही. मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला जाऊन आणलेली गोळी आठ दिवसांत गुण देत नाही म्हणून सोडली जाते, ती नेमकी याच टप्प्यावर. गोळी लिहून देताना हे दोन वाक्यांत सांगणे डॉक्टरांचे कामच आहे, आणि ते टाळू नये.

मात्र पाऊस लांबला, कापसाला भाव नाही, सोसायटीचे कर्ज थकले, यातून बसणारी धास्ती प्लस मेझवर मोजता येत नाही. शिवाय जुने प्रयोग बहुतांशी नर उंदरांवर झाले, आणि माणसांत चिंताविकार स्त्रियांमध्ये साधारण दुप्पट आढळतात. मनाच्या आजारावर खेड्यात काय साधते, हे पाहायला खेड्यातच जावे लागते. विदर्भातल्या ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते, समुपदेशन आणि डॉक्टर यांची साखळी उभी केली होती. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.