वांतरिक्ष अभियंता-व्यवस्थापक

वांतरिक्ष अभियंता-व्यवस्थापक : विमान, अग्निबाण, उपग्रह किंवा त्यांचे सुटे भाग यांच्या अभिकल्पापासून (आराखडा-रचनेपासून) सुरुवात करून पुढे संपूर्ण प्रकल्पाची वा कंपनीची जबाबदारी पेलणारा अभियंता. याला एरोस्पेस एक्झिक्युटिव्ह असेही म्हणतात.

मुंबईत ही कारकीर्द सहसा संपूर्ण विमान बांधणाऱ्या कारखान्यात घडत नाही. मुंबईचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली खरी; परंतु म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल देऊ केल्याने कारखाना बंगळूरला उभा राहिला आणि विमानबांधणीचे केंद्रही तिकडेच गेले. मुंबईकडे राहिले ते शिक्षण आणि सुट्या भागांचे अवघड काम. पवईच्या आयआयटीत (स्थापना १९५८) वांतरिक्ष अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, तर पीएसएलव्ही या उपग्रह वाहून नेणाऱ्या भारतीय अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्यात वापरले जाणारे ‘विकास’ इंजिन विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार होते. आयआयटीच्याच विद्यार्थ्यांनी घडवलेला, सुमारे १० किलोग्रॅमचा ‘प्रथम’ हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ ने अवकाशात गेला. त्यावर काम करणाऱ्यांच्या तुकड्या शिक्षण संपवून बाहेर पडत राहिल्याने, आपले काम लिहून पुढच्यांच्या हाती सोपवणे हा व्यवस्थापनाचा पहिला धडा त्यांना पदवीआधीच मिळाला.

नोकरीची सुरुवात बहुधा विश्लेषण, चाचणी किंवा गुणवत्ता तपासणी यांपासून होते. अभियंता आणि व्यवस्थापक यांच्या भूमिकांची खरी गाठ पडते ती विचलनाच्या निर्णयात. एखादा भाग आराखड्यातील मापापेक्षा किंचित कमी-जास्त भरला, तर तो बाद करायचा, दुरुस्त करायचा की आहे तसा स्वीकारायचा, हे सामर्थ्याचे गणित आणि वेळापत्रक दोन्ही समोर ठेवून ठरवावे लागते. आणि खाली सही करणाऱ्याला त्या निर्णयाचे उत्तरही द्यावे लागते. अमेरिकेतील चॅलेंजर या अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, थंडीमुळे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग (कड्या) नीट बसणार नाहीत असे बूस्टर (यानाला वर ढकलणारे अग्निबाण) बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत असताना, अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास सांगण्यात आले. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर यान फुटून त्यातील सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. याउलट, स्वतः वैमानिकी अभियंता असलेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी ऑगस्ट १९७९ मधील एसएलव्ही-३ या अग्निबाणाच्या अपयशाची जबाबदारी प्रकल्पप्रमुख ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्यावर न ढकलता पत्रकारांसमोर स्वतःकडे घेतली.

२०२० मध्ये अवकाशक्षेत्र खाजगी उद्योगांना अधिक खुले करण्याचा निर्णय झाल्यानंतर या पदांकडे जाणारे मार्ग वाढले. त्यासाठी नेमलेल्या इन-स्पेस या संस्थेचे अध्यक्षपद पवन गोएंका यांना मिळाले. ते यंत्र अभियंता असून मुंबईच्या महिंद्र समूहात त्यांची कारकीर्द मोटारींच्या संशोधन व विकासातून वर गेली होती.